सासूबाईंच्या साखरेचा प्रभारी

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. म्हणजे ज्याला लांबून पाहिल्यावर दुकानदार आधी हसतात आणि मग घाईघाईने काट्यावरची धूळ पुसतात, तो. सत्तावीस वर्षं मी लोकांचे काटे तपासतोय. पिशवीत पितळी वजनांची पेटी असते, ठसा मारायची हातोडी असते आणि पावतीपुस्तक असतं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात मूळ दोष कुठे होता हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात यावं, एवढ्यासाठीच सांगतोय. अचूकपणाचा अभिमान असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या अंगातली साखर मोजायला घेऊ नये.

साखर माझ्या सासूबाईंची. वय एकोणसत्तर, मधुमेह बावीस वर्षांचा, दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात आणि घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल आहे. एका डोळ्याला भिंग लावून त्या टेबलावर वाकल्या की आजूबाजूला भूकंप झाला तरी आधी हातातला स्क्रू जागेवर बसतो, मग त्या भूकंपाकडे बघतात.

तीन महिन्यांपूर्वी एक गिऱ्हाईक आपलं घड्याळ न्यायला आलं, तर बाई टेबलावर डोकं टेकून बेशुद्ध. साखर उतरली होती. गिऱ्हाईक डोकेबाज निघालं, आरडाओरडा न करता त्याने रुग्णवाहिका बोलावली, म्हणून निभावलं. पण माझ्या बायकोने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

"आई आता आपल्याकडे राहील."

"माझं टेबल तुमच्याकडे मावायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आता टेबल कशाला लागतंय तुला?"

यानंतर जी शांतता झाली तिच्यात एखादा शहाणा जावई पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला असता. मी बोललो. दंडाला चिकटवायचं एक यंत्र असतं, नाण्याएवढं, पंधरवड्याने बदलायचं, ते दर पाच मिनिटांनी साखर मोजतं आणि मोबाइलवर आकडा दाखवतं, असं मी नुकतंच वाचलं होतं. तोच आकडा दुसऱ्या मोबाइलवरही दिसतो. साखर उतरली की दोन्हीकडे भोंगा वाजतो. "एक महिना बघू," मी म्हणालो. "आकड्यांवर लक्ष मी ठेवीन. महिना सुरळीत गेला तर आई आहेत तिथेच राहतील. नाही गेला तर आपल्याकडे येतील."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तो पाहण्याचा प्रकार लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्यांना वेगळा समजावून सांगायला नको.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे बोटं टोचायची कमी होतील?" मग त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बावीस वर्षांत रोज चार-पाच वेळा टोचून बोटांची टोकं निबर झाली होती. "केसाएवढी स्प्रिंग हाताला लागली पाहिजे, जावई. हल्ली अंगठा आणि हे एक बोट सोडलं तर बाकीची ऐकत नाहीत. ही दोन मी कधी टोचू दिली नाहीत." आणि मग त्यांनी अट घातली, "आकडे देईन. घराची किल्ली देणार नाही."

मी मान्य केलं. तिथून पुढे सगळ्यालाच मान्यता देत गेलो.

पहिला अडथळा ॲपच्या दाराशीच आला. ॲप उघडायला मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक यावा लागतो. तो येईना. मोबाइल कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ पडद्याकडे बघून सांगितलं, की हे सिमकार्ड एका गृहस्थांच्या नावावर आहे आणि त्यांनी फेरपडताळणी न केल्यामुळे संदेश बंद झाले आहेत.

"ते माझे सासरे," मी म्हणालो.

"मग त्यांना घेऊन या. अंगठा लागेल."

"ते वारले. सहा वर्षं झाली."

"अरेरे," ती मुलगी मनापासून म्हणाली. "पण पडताळणी त्यांनाच करावी लागेल."

मृत्यूचा दाखला नेला, तर त्यावर सासऱ्यांच्या वडिलांचं नाव पूर्ण होतं आणि सिमच्या कागदावर नुसतं आद्याक्षर होतं. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, असं सांगण्यात आलं. मी स्वतः सरकारी माणूस. लोकांना असले कागद आणायला मी उभ्या आयुष्यात शंभरदा पिटाळलं असेल. पण आपल्यावर वेळ आली की माणसाला त्या कागदातली निर्दयता दिसते, हे मला तेव्हा कळलं. ती मुलगी तरी हसून बोलत होती. मी कधी तेवढंही केलेलं नाही.

महिना वाया जायला नको म्हणून मी ॲपमध्ये तात्पुरता माझा क्रमांक घातला. मग त्याने माझं नाव, माझी जन्मतारीख, माझं कार्यालय, सगळं आपलं आपणच भरून टाकलं आणि सात वेळा विचारलं, "मान्य आहे का?" मी सातही वेळा मान्य केलं. सात वेळा वाचून मान्य करणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

परिणाम असा झाला की सासूबाईंच्या दंडातली साखर जगाच्या दृष्टीने माझी झाली. रोज सकाळी त्यांचा मोबाइल माझं नाव घेऊन त्यांना शाबासकी द्यायचा. "जावई," त्या फोन करून सांगायच्या, "काल तुम्ही दिवसभर उत्तम नियंत्रण ठेवलंत असं हा म्हणतोय. अभिनंदन." दुसऱ्या दिवशी, "आज तुमच्यावर नाराज आहे. केळं खाल्लंत म्हणे."

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, याची माझी एक कल्पना होती. मी एक वही आखली. तारीख, वेळ, आकडा, बाण, शेरा. ॲपमधला बाण साखर चढतेय की उतरतेय ते दाखवतो. मी दर पाच मिनिटांनी आकडा बघायचो. मटणवाल्याचा काटा तपासताना बघायचो, साहेबांच्या बैठकीत टेबलाखाली धरून बघायचो. एकदा पेट्रोलपंपावर पंपाचं माप घेत होतो, मालक घाम पुसत उभा होता, आणि मी मोबाइल बघून नकळत म्हणालो, "फार उतरलंय." त्या बिचाऱ्याने तिथेच खुर्ची मागवली.

दुसऱ्या दिवशीपासून मी सूचना सुरू केल्या. एकशे ऐंशी दिसलं की फोन, "आई, काय खाल्लंत?" नव्वद आणि बाण खाली दिसला की फोन, "आई, काही खा." तिसऱ्या दिवशी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावई, मी आत्ता एका बाईच्या मनगटी घड्याळाचं चक्र चिमट्यात धरून बसले होते. तुमचा फोन वाजला आणि ते उडालं. गेला अर्धा तास मी जमिनीवर रांगतेय. त्या रांगण्याने साखर उतरतेय, तीही तुम्हाला दिसत असेल."

दिसत होती. मी वहीत शेरा लिहिला: व्यायाम.

शेजारी मागे राहिले असते तर ते शेजारी कसले. सासूबाईंच्या समोरच निवृत्त कंपाउंडर राहतात. आयुष्यभर औषधं दिल्यामुळे त्यांचा औषधांवर विश्वास उरलेला नाही. दंडावर यंत्र आहे हे कळताच ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "हे लहरी सोडतं. लहरींनी साखर ढवळली जाते. ढवळलेली साखर मोजून काय उपयोग?" कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने कोंड्याचा एक खास पाव पाठवला. सासूबाईंनी त्याचा एक तुकडा खाल्ला, तासाभराने आकडा बघितला आणि उरलेला पाव परत पाठवला. सोबत चिठ्ठी होती: "यात कोंडा थोडा आणि मैदा पुष्कळ आहे. आलेख दाखवू शकते." बेकरीवाला त्या दिवसापासून त्यांना वचकून असतो. मी त्याच्याकडे पाच वर्षं तपासणीला जातोय, मला तो कधी वचकला नाही.

मी माझी पेटी बाहेर काढली ती आठव्या दिवशी. म्हणजे अक्षरशः नव्हे. पण माझ्यातला निरीक्षक जागा झाला. सासूबाईंना बोट टोचायला लावलं. टोचणीच्या यंत्रात एकशे बेचाळीस आलं, मोबाइलवर एकशे एकोणसाठ. सतराचा फरक.

"हे यंत्र सदोष आहे," मी म्हणालो. "एवढ्या फरकाला मी दुकानाला सील ठोकतो."

सासूबाईंनी भिंग वर केलं. "थांबा जरा. जेवून दोन तास झालेत, साखर उतरतेय. दहा मिनिटांनी बघा मोबाइल." दहा मिनिटांनी मोबाइलवर एकशे चव्वेचाळीस. "हे रक्तात बघत नाही, कातडीखालच्या पाण्यात बघतं. तिथे बातमी उशिरा पोचते. दहा-बारा मिनिटं मागे चालणारं घड्याळ आहे हे. मागे पडलेलं घड्याळ वाईट नसतं, जावई. किती मागे आहे ते आपल्याला माहीत पाहिजे."

"पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? आठ दिवस बघतेय."

मी आठ दिवस वही भरत होतो. त्या बघत होत्या. या दोन क्रियांमधला फरक मला तेव्हा नीट समजला असता तर पुढचं दार वाचलं असतं.

सतराव्या दिवशी दुपारी पावणेतीनला मी भाजीबाजारात होतो. भोंगा वाजला. आकडा पंचावन्न, बाण सरळ खाली. फोन केला. वाजतोय, उचलत नाहीत. पुन्हा केला. एकोणपन्नास. मी पितळी वजनांची पेटी भाजीवाल्याकडे सोडून रिक्षात बसलो. सत्तावीस वर्षांत ती पेटी मी कुणाच्या हाती दिलेली नव्हती. वाटेत बायकोला फोन केला. ती शिकवते त्या शाळेतून तिला पोचायला अर्धा तास लागणार होता. "दार उघडा," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

दुपारी दोन ते चार सासूबाईंचं दुकान बंद असतं आणि दाराला आतून कुलूप असतं. मी दार बडवलं. कंपाउंडर बाहेर आले. बेकरीवाला आला. इमारतीचे सेक्रेटरी चष्मा पुसत उतरले. खिडकीला गज आणि आतून पडदा. नाक्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावलं. तो आला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "घर तुमचं?"

"सासूबाईंचं."

"मग मालकाचं पत्र लागेल. मागच्या वर्षी असंच एक दार उघडून दिलं, पोलिसांनी मलाच बसवून ठेवलं."

"मालक आत बेशुद्ध आहेत."

"तेच म्हणतो मी. मग सही कोण करणार?"

त्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. मीही तेच म्हणालो असतो. मोबाइलवर एक्केचाळीस आलं. मी चार पावलं मागे गेलो आणि खांद्याने दारावर आपटलो. दाराला काही झालं नाही, खांद्याला झालं. दुसऱ्या धडकेला बेकरीवाला सोबत होता आणि त्याचं वजन मी प्रमाणित करायला तयार आहे. दार बिजागऱ्यांसकट आत पडलं, त्यावर मी, माझ्यावर बेकरीवाला.

आतल्या खोलीचा पडदा सरला. सासूबाई उभ्या होत्या. केस मोकळे, गालावर उशीची घडी उमटलेली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमची साखर एक्केचाळीस आहे," मी दारावर पडल्या पडल्या म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे, कंपाउंडरांच्या हातातल्या साखरेच्या डब्याकडे आणि सेक्रेटरींकडे क्रमाक्रमाने पाहिलं. टेबलापाशी गेल्या. घड्याळाच्या सुट्या भागांवर धूळ बसू नये म्हणून काचेची एक हंडी असते. तिच्याखाली मोबाइल होता, आतल्या आत भोंगा वाजवत. त्यांनी बोट टोचलं आणि यंत्र सगळ्यांना दिसेल असं धरलं. एकशे अठ्ठावीस.

"हंडीखाली का ठेवलात?" मी विचारलं.

"तुम्ही दर पाच मिनिटांनी फोन करता म्हणून."

मग त्यांनी विचारलं, "जावई, एखाद्या दुकानाचा काटा चुकला तर तुम्ही दुकान फोडता का?"

त्याच वेळी बायको धापा टाकत दारात आली. म्हणजे जिथे दार असायचं तिथे. तिने आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी मला नोटीस दिली. दाराची चौकट ही इमारतीची सामाईक मालमत्ता असल्यामुळे ती मोडण्याआधी समितीची लेखी परवानगी आवश्यक होती, आणि नवं दार जुन्याच रंगाचं हवं. जुना रंग कोणता याचा ठराव पुढच्या बैठकीत होणार होता. तोवर सासूबाईंच्या दाराला पडदा.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही साक्षीदार. पंचनामा करायची तुम्हाला सवय आहे." त्यांच्याकडे घड्याळांच्या नोंदीची एक जुनी वही आहे. तिच्या मागच्या पानावर त्यांनी तीन तारखा लिहिल्या होत्या. तिन्ही दिवशी आकडा दुपारी झोपल्यावरच कोसळला होता आणि उठल्यावर दहा मिनिटांत आपोआप वर आला होता. दार पडलं त्या दिवशी मात्र भोंगा वाजण्याइतका उतरला. "खरी साखर उतरली की मला आधी ओठाला मुंग्या येतात. या तीन वेळा आल्या नाहीत. म्हणजे साखर खोटी नाही, माप खोटं. का खोटं, ते बघू."

त्या नेहमीसारख्या डाव्या कुशीवर झोपल्या. यंत्र डाव्या दंडावर. मी खुर्चीत मोबाइल घेऊन बसलो. दहाव्या मिनिटाला बाण तिरपा झाला. विसाव्या मिनिटाला आकडा एकशे तीसवरून अठ्ठ्याहत्तरवर. बोट टोचलं, एकशे सत्तावीस. त्या उजव्या कुशीवर वळल्या. पाव तासात मोबाइलवर एकशे बावीस.

"दाबलं की चुकतं," त्या उठून बसत म्हणाल्या. "काट्यावर कुणी बोट ठेवलं तर तुम्हीही पकडता की."

मी सत्तावीस वर्षांत अनेक तपासण्या केल्या आहेत. इतकी नेटकी तपासणी मी पाहिलेली नाही. नंतर डॉक्टरांना ती वही दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली आणि म्हणाले, पुढचं यंत्र उजव्या दंडावर लावू. मग मला म्हणाले, "आणि तुम्ही यांना फोन करत जाऊ नका."

माझी फजिती एवढ्यावर संपायला हरकत नव्हती. पण त्या सात मान्यतांपैकी एक मान्यता अशी होती की ही माहिती कार्यालयाच्या आरोग्य विभागाला कळवली तर चालेल. चोविसाव्या दिवशी मला पत्र आलं. निरीक्षक महोदय चार वेळा इन्सुलिन घेत असून दुपारी त्यांची साखर एक्केचाळीसपर्यंत उतरते, सबब त्यांना फिरतीच्या कामावर ठेवणं धोक्याचं आहे, तरी तपासणीसाठी हजर राहावं. आमचे साहेब माझ्याशी अतिशय हळू आवाजात बोलू लागले. भाजीवाल्याकडून मी परत आणलेली पेटी शिपायाने माझ्या हातून काढून घेतली. ही साखर माझी नाही, सासूबाईंची आहे, असं मी सांगितलं तर सगळे समजूतदारपणे मान हलवायचे.

कार्यालयाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "तुमची साखर एक्केचाळीस नाही," ते म्हणाले.

"मी तेच सांगतोय."

"उपाशीपोटी एकशे एकोणीस आहे. मधुमेह नाही. कुंपणावर आहात."

एका रोगातून निर्दोष सुटून मी त्याच रोगाच्या दारात उभा राहिलो. घरी मी हे दोन दिवस सांगितलं नाही. सासूबाईंना मात्र सांगितलं. का ते माहीत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घाबरू नका. सांभाळता येतं. फक्त रोज सांभाळावं लागतं."

महिना संपला तो रविवार होता. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. नवं दार लागलं होतं. रंगावर अजून ठराव व्हायचा होता. बायकोने चप्पल काढता काढताच सुरुवात केली.

"आई, मी सरळच बोलते. दार तोडावं लागलं. यांची नोकरी जायची वेळ आली. याला सुरळीत म्हणायचं का?"

"यात माझी साखर कुठे चुकली?" सासूबाई म्हणाल्या. त्या जेवायला बसायच्या बेतात होत्या. ताट वाढलेलं होतं.

"साखरेचा प्रश्न नाही ग. तुला ते कळणार नाही. तू बेशुद्ध पडलीस त्या दिवशी दवाखान्यात मी तुझा हात धरला, तो गार होता. लहानपणी मला ताप आला की तू कपाळावर हात ठेवायचीस, तो तुझा हात ऊन असायचा नेहमी. मला तो हात ओळखू आला नाही." ती मग रागानेच बोलू लागली. घाबरलेली माणसं बोलतात तशी, एकाला एक जोडून, कुठे थांबावं ते न कळता. सासूबाई ऐकत होत्या. मी ताटाकडे बघत होतो.

भोंगा वाजला. एकाच वेळी दोन्ही मोबाइलवर.

मी ताडकन उठलो. सासूबाईंनी नुसता हात वर केला आणि मी बसलो. त्यांनी मोबाइल पाहिला. अडुसष्ट, बाण खाली. ओठांवरून एकदा जीभ फिरवली. ड्रॉवरमधून टोचणीचं यंत्र काढलं, करंगळी टोचली. त्रेपन्न. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते आणि हात थोडा थरथरत होता. त्या थरथरत्या हाताने त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यातली बाटली उघडली. त्यात साखरेचं पाणी होतं, काचेवर घोटांच्या खुणा केलेल्या. दुसऱ्या खुणेपर्यंत त्या प्यायल्या, ना थेंब जास्त ना कमी.

"सुई घेतली होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यात जेवण पाऊण तास लांबलं. आता पंधरा मिनिटं मला बोलायला लावू नका." मोबाइलवर पंधरा मिनिटं लावून त्यांनी तो समोर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

भिंतीवर दुरुस्तीला आलेली दहा-बारा घड्याळं होती. प्रत्येकाची वेळ वेगळी. त्या सगळ्यांच्या टकटकीत आम्ही तिघं बसलो होतो. पाचव्या मिनिटाला बायको उठली, आईजवळ गेली आणि काय करावं ते न सुचून तशीच उभी राहिली. सासूबाईंनी डोळे न उघडता तिचा हात हातात घेतला. त्यांचा हात गारच असणार. बायकोने तो सोडला नाही.

पंधरा मिनिटांनी त्यांनी पुन्हा बोट टोचलं. ब्याण्णव. मोबाइल अजून एकाहत्तरच दाखवत होता. "येईल मागून," असं म्हणत त्यांनी ताट पुढे ओढलं. दोन घास खाऊन मग लेकीला म्हणाल्या, "हं. काय सांगत होतीस?"

बायकोने हळूच विचारलं, "हे तू रोज करतेस?"

"रोज नाही. महिन्यातून दोनदा-तीनदा. बाकीचे दिवस हे होऊ नये म्हणून जे करायचं ते करते."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी एक घड्याळ संपवायचं होतं. ओठाला मुंग्या आल्या, तरी म्हटलं हा एवढा स्क्रू बसवू. चुकलं माझं. आता हा ओरडतो, मला उठवतो. मला एवढंच हवं होतं."

पंचवीस वर्षं मी या बाईंचा जावई आहे, म्हणजे त्यांच्या आजारापेक्षाही माझं आणि त्यांचं नातं जुनं, असं मी कधीतरी विनोदाने म्हणत असे. पण इतक्या वर्षांत त्या सुईसाठी आत जायच्या तेव्हा मी पेपर वाचत असायचो. आत काय चालतं ते मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं.

बायकोने पदराने डोळे पुसले आणि आईचा मोबाइल उचलला. "यात माझा क्रमांक कसा घालायचा ते दाखव. यांचा काढून टाक."

"नाव पण माझं घाल आता," सासूबाई म्हणाल्या. "महिनाभर यांच्या नावाने शाबासकी ऐकतेय."

दोघी मोबाइलवर वाकल्या. कुणाला काही मान्य आहे का असं यंत्र विचारत होतं आणि सासूबाई भिंग लावून प्रत्येक ओळ वाचत होत्या. दोन ठिकाणी त्यांनी नाही म्हटलं. मला आजवर तिथे नाही म्हणता येतं हेच माहीत नव्हतं.

घरी परतताना आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. मग बायको म्हणाली, "मी चार खोकी आणून ठेवली होती. आईचं सामान बांधायला."

"कुठे आहेत?"

"पलंगाखाली."

घरी आल्यावर तिने ती ओढून काढली, एकेक करून पायाने चपटी केली आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई सांगत होती, तुम्ही कुंपणावर आहात म्हणून. दाखवा बघू तो कागद."